जुनी पद्मिनी, ॲम्बेसेडर, जीप घरच्या घरी सुरक्षित आणि झटपट कशी उचलावी?

बोरीकाठ, अमळनेर

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. ती दारात शोभेला उभी न राहता चालती राहावी आणि तिची किरकोळ कामे घरीच व्हावीत, असा माझा प्रयत्न असतो. परंतु या गाडीची बहुतेक कामे खालूनच करावी लागतात. पुढची चाके ज्यांवर वळतात त्या किंगपिनांना ग्रीस भरणे, चारही ड्रम ब्रेकची ढिलाई काढणे, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलच्या मधल्या डिफरन्शिअलचे ऑइल पाहणे, मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) बुश तपासणे, यांपैकी कोणतेही काम काढले की आधी गाडी उचलणे आले. जवळच्या स्क्रू जॅकने एकेक चाक उचलायचे, काम करून उतरवायचे आणि मग पुढच्या चाकाकडे वळायचे, यातच सकाळ संपते, आणि मे महिन्यात आमच्याकडे नऊ वाजल्यानंतर अंगणात बसवत नाही.

म्हणून चारही चाके एकदम, किंवा निदान दोन-दोन करून, कमी वेळात आणि जिवाला धोका न होता उचलण्याची रीत जाणकारांनी सांगावी. पडवीत शहाबादी फरशी आहे आणि बाहेर काळ्या मातीवर मुरूम टाकलेले अंगण आहे. घरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा दहा टनी बाटली जॅक आहे. तो वापरता आला तर नवा खर्च टळेल, असेही मनात आहे.

पांझरा, धुळे

बोरीकाठ भाऊ, कोणता जॅक घ्यायचा यापेक्षा गाडी कुठे धरून उचलायची हे आधी ठरवा. वेळ वाचतो तो तिथे. जॅकच्या टनांनी तो वाचत नाही. पद्मिनीचे वजन सुमारे ९०० किलो आहे, म्हणजे पुढचे किंवा मागचे एक टोक उचलताना जॅकवर साधारण त्याच्या निम्मेच येते. दोन टनांचा जॅक त्याला पुष्कळ झाला. तुमचा दहा टनी जॅक ताकदीला जास्त आणि उंचीला गैरसोयीचा आहे. तो पूर्ण खाली असतानाच इतका उंच असतो की चाक पंक्चर होऊन गाडी बसली तर तो ॲक्सलखाली जाणारच नाही. जॅक घेताना टनांचा आकडा सगळे वाचतात, पण बंद अवस्थेतली उंची कोणी विचारत नाही, आणि अडते नेमके त्या उंचीवर.

आता धरायच्या जागा. १९५३ साली इटलीत फियाट ११००-१०३ आली तेव्हापासून या घराण्याच्या गाड्यांना वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हीच चासी. त्यामुळे खाली कुठेही जॅक टेकवला आणि गाडी वर आली, असे होत नाही. तळाचा पत्रा आत दबतो, किंवा वरून ठीक दिसतो आणि आतून फाटतो. भरवशाच्या जागा मोजक्याच आहेत: पुढे सस्पेन्शन ज्यावर बसले आहे तो क्रॉस मेंबर, मागे ॲक्सलची नळी, आणि दारांखालच्या पट्टीला मुळात जॅकसाठी मजबूत केलेला भाग असेल तर तो. इंजिनचे चेंबर, गिअरबॉक्स, स्टीअरिंगचे रॉड आणि सायलेन्सरचा पाइप यांच्याखाली जॅक कधीही लावू नये. चेंबरखाली लाकूड ठेवून जॅक मारणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. चेंबर लगेच फुटत नाही हे खरे, पण ते आतून ऑइल पंपाच्या जाळीपर्यंत दबले तर कळणार ते इंजिन बसल्यावरच.

दारांखालच्या पट्टीबद्दल एक सावधगिरी. आपल्या खानदेशातली गाडी कोरड्या हवेत राहिलेली असली तर ती पट्टी बहुधा शाबूत असते. पण मुंबईतून आणलेली, त्यातही टॅक्सी म्हणून चाललेली पद्मिनी असेल, तर काळ्या डांबरी लेपाखाली गंज लपलेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक, दबका आवाज आला किंवा पापुद्रे गळू लागले तर तिथे जॅक लावू नका. आणखी एक खूण आहे. गाडी उचलताना दाराच्या कडेच्या फटीकडे लक्ष ठेवा. फट वर-खाली सारखी न राहता एका टोकाला मिटू लागली, तर बॉडी वाकते आहे असे समजून तिथेच थांबा. अशा वेळी दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. उघडलेले दार परत बसत नाही.

तुम्ही चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक आणि घोड्यांच्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या लोखंडी स्टँडच्या, दोन जोड्या घ्या, असे माझे मत आहे. जॅक गाडी उचलण्यापुरता असतो. गाडी धरून ठेवायचे काम घोड्यांचे. या दोन कामांची गल्लत झाली की माणूस मरतो, आणि हे मी वाढवून लिहीत नाही. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळे वजन एका रबरी सीलवर आणि एका छोट्या गोळीच्या व्हॉल्व्हवर उभे असते. ते सुटताना आधी आवाज करत नाहीत.

गोमाई, शहादा

पांझरा दादांनी विषय फार गंभीर केला आहे. आमच्या गॅरेजमध्ये रोजची पद्धत सोपी आहे. ट्रॉली जॅक मागून घालायचा, डिफरन्शिअलच्या मधोमध लावायचा आणि दांडा मारायचा. दोन्ही मागची चाके एकदम वर येतात, दोन्ही बाजूंना घोड्या सरकवायच्या, काम झाले. पुढेही क्रॉस मेंबरच्या मध्यावर तसेच. ज्याचा हात बसला आहे त्याला चारही चाके वर घ्यायला पंधरा मिनिटे पुरतात.

पांझरा, धुळे

गोमाई भाऊ, तुमची पद्धत बरोबरच आहे आणि झटपट म्हणायची तर हीच. फक्त घरी करणाऱ्याला ज्या गोष्टी कोणी सांगत नाही त्या जोडतो.

पहिली गोष्ट हॅण्डब्रेकची. बहुतेक गाड्यांत तो मागच्या चाकांवरच लागतो. मागची दोन्ही चाके हवेत गेली की ओढलेला हॅण्डब्रेक आणि टाकलेला गिअर या दोन्हींचा जमिनीशी संबंध संपतो, आणि गाडी उरते पुढच्या दोन मोकळ्या चाकांवर. म्हणून जॅक लावण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी पाचर ठोकलीच पाहिजे. विटेचा तुकडा नको, तो सरकतो किंवा फुटतो. एकच मागचे चाक उचलले तरी भ्रमात राहू नये. गिअर धरतो तो प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा. डिफरन्शिअलमुळे वरचे चाक उलटे फिरते आणि खालचे चाक निवांत पुढे जाते.

दुसरी गोष्ट डिफरन्शिअलच्या आकाराची. काही गाड्यांत त्याच्या मागच्या बाजूला पातळ पत्र्याचे झाकण असते, आणि जॅकची वाटी त्या झाकणावर बसली तर ते दबून ऑइल गळू लागते. वाटी खालच्या जाड भागावर टेकली आहे, हे दांडा मारण्याआधी बॅटरीच्या उजेडात खाली वाकून पाहावे.

आणि तिसरी गोष्ट जी गॅरेजच्या कोब्यावर कधी जाणवत नाही पण घरी हमखास जाणवते. ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, तो कमानीत जातो. वाटी जशी वर चढते तशी ती मागेही सरकते, आणि तेवढे अंतर जॅकने स्वतःच्या लोखंडी चाकांवर पुढे सरकून भरून काढायचे असते. मुरमाच्या अंगणात ती चाके खड्यांत अडकतात, जॅक जागचा हलत नाही, आणि मग एक तर गाडी ओढली जाते किंवा वाटी निसटते. बोरीकाठ भाऊंनी म्हणून अंगणात ट्रॉली जॅक वापरताना खाली जाड प्लायवूडचा लांब तुकडा किंवा लोखंडी पत्रा टाकावा, आणि वर चढताना जॅक सरकतो आहे ना, याकडे लक्ष ठेवावे.

पडवीतल्या शहाबादी फरशीबद्दलही तेच. फरशी खाली भरीव बसलेली नसेल तर घोडीचे चार पाय म्हणजे चार टोकांवर सगळे वजन, आणि फरशी तडकते. मागच्या ॲक्सलखालच्या एका घोडीवर समजा २०० किलो आले, तर तिच्या पायांखाली फूटभर लांब-रुंद आणि दोन इंच जाड फळी ठेवली की फरशीवरचा भार पसरून काही भीती उरत नाही. मातीवर हा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे. बाटली जॅकची बैठक साधारण १० बाय १० सेंटिमीटर. ४०० किलो आले तर एका चौरस सेंटिमीटरवर ४ किलो पडतात. तेच ३० बाय ३० सेंटिमीटरच्या फळीवर घेतले तर अर्ध्या किलोहून कमी. फळी मात्र वाकणारी नसावी. बैलगाडीच्या कामातली जुनी बाभळीची फळी मिळाली तर तिच्यासारखी दुसरी नाही.

वाघूर, भुसावळ

मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. भुसावळला असल्यामुळे जड वस्तू उचलण्याची कामे आयुष्यभर जवळून पाहिली, म्हणून दोन शब्द लिहितो.

आमच्याकडे जॅक लावणाऱ्याइतकेच महत्त्व पॅकिंग करणाऱ्याला होते. जॅक दोन बोटे वर गेला की खाली दोन बोटे लाकूड सरकवायचे, मग पुन्हा जॅक. जॅक कधीही बसला तरी वस्तू दोन बोटांपेक्षा जास्त खाली येता कामा नये, एवढाच त्यामागचा विचार. डब्यासाठी जे खरे ते मोटारीसाठीही खरे. घोड्या घेईपर्यंत, आणि घेतल्यानंतरही, जुन्या लाकडी स्लीपरचे कापलेले तुकडे आडवे-उभे रचून गाडीखाली ठेवावेत. आता रुळांखाली सिमेंटचे स्लीपर आले, पण जुने लाकडी स्लीपर भंगारवाल्यांकडे आणि लाकडाच्या वखारीत अजून सापडतात. ते घट्ट असतात, चेपले तरी हळूहळू चेपतात आणि चेपताना करकरतात. सिमेंटचा पोकळ ब्लॉक किंवा वीट यांचे उलट आहे. ती शेवटच्या क्षणापर्यंत काहीच दाखवत नाही आणि मग एकदम भुगा होते. गाडीखाली ब्लॉक रचलेले दिसले की मी त्या घरी चहासुद्धा घेत नाही.

आणखी एक सवय लावून घ्यावी. काढलेले चाक किंवा स्टेपनी बाजूला टेकवून ठेवण्याऐवजी ती आडवी करून दारांच्या पट्टीखाली सरकवून ठेवावी. खर्च काही नाही, आणि सगळे चुकले तरी माणसापुरती जागा राहते.

तापीकिनारा, जळगाव

धागा उपयोगी आहे. एक शंका. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे विजेचे जॅक मिळतात. बटण दाबले की गाडी वर. जुन्या गाडीला ते चालतील का?

पांझरा, धुळे

चालतात, पण तो आतून कात्री जॅकच आहे, फक्त हाताऐवजी मोटर फिरवते. त्याची बैठक अरुंद असते, आणि जुन्या गाडीच्या वायरिंगवरून इतका प्रवाह ओढणे मला पसंत नाही. घ्यायचाच असेल तर चिमटे थेट बॅटरीला लावायचा घ्या. ॲडजस्टमेंटच्या कामांना त्याचा उपयोग नाही, रस्त्यात पंक्चर झाले तर आहे.

सातपुडा पायथा, चोपडा

आमच्याकडे सासऱ्यांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, आणि वरची सगळी चर्चा वाचून कोणी तीच रीत हेराल्डला लावू नये म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

मद्रासला १९६१ पासून तयार झालेल्या या गाडीला चासी वेगळी आहे, त्यामुळे तळाच्या पत्र्याची काळजी पद्मिनीइतकी नाही. पण मागे सबंध आडवा ॲक्सल नाही. डिफरन्शिअल चासीला पक्के बसवलेले आहे आणि दोन्ही बाजूंचे अर्धे शाफ्ट चाकांसह वर-खाली झुलतात. पाटाही एकच, आडवा. पद्मिनीत किंवा ॲम्बेसेडरमध्ये जिथे ॲक्सलच्या नळीखाली घोडी लावतात, तिथे हेराल्डला नळीच नाही. घोडी चासीच्या लोखंडाखालीच लावायची. गाडी वर गेली की मागची दोन्ही चाके खालून आत वळतात आणि पाहणाऱ्याला काहीतरी मोडल्यासारखे वाटते. तसे काही नसते, ती या रचनेची सवयच आहे. मात्र खाली उतरवल्यावरही चाके तशीच आत वळलेली राहतात आणि गाडी मागून उंच दिसते. तिला हाताने चार-सहा फूट मागे-पुढे ढकलले की ती आपोआप बसते. जॅक घाईने पूर्ण काढून घेण्यापूर्वी ही गोष्ट माहीत असावी, कारण उतरताना चाके बाहेरच्या बाजूला सरकू पाहतात आणि पाचर घट्ट असली तर बाजूचा ताण जॅकवर येतो.

पुढचे संपूर्ण बॉनेट आडव्या बिजागरीवर पुढे उलगडते, म्हणून पुढच्या सस्पेन्शनची कामे गाडी न उचलताही बरीच होतात. त्या बाबतीत आम्ही तुमच्यापेक्षा सुखी आहोत.

गिरणा, चाळीसगाव

ताईंनी चांगली भर घातली. जुन्या महिंद्रा जीपबद्दल मी सांगतो, कारण हॅण्डब्रेकच्या बाबतीत ती सगळ्यांत फसवी आहे. तिचा हॅण्डब्रेक चाकांवर लागतच नाही. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी असलेल्या ड्रमवर लागतो. म्हणजे वर पांझरा दादांनी गिअरबद्दल जे लिहिले तेच या हॅण्डब्रेकलाही लागू होते. मागचे एक चाक उचलताक्षणी जीप मोकळी होते, मग हॅण्डब्रेक कितीही ओढलेला असो. फोर व्हील टाकून ठेवली आणि पुढचे हब जोडलेले असले, तर पुढची दोन्ही चाके त्याच शाफ्टला जखडली जातात आणि बराच आधार मिळतो, पण पाचरीला पर्याय तोही नाही.

बाकी जीप उचलायला सोपी. खाली जाड चासी आणि दोन्ही बाजूंना सबंध ॲक्सल, जागाही ऐसपैस. ट्रॅक्टरचा जॅक तिलाच शोभतो. फक्त बाटली जॅकचे गोल डोके ॲक्सलच्या गोल नळीवर टेकवले की गोलावर गोल बसून ते घसरू पाहते. लेथवाल्याकडून जॅकच्या डोक्यावर सैल बसणारी, वरून खाच असलेली लोखंडी टोपी करून घ्यावी. टोपी जॅकच्या दांड्याला वेल्डिंगने जोडू मात्र नये. उष्णतेने दांड्याची चकाकी आणि सील दोन्ही जातात.

रस्त्यात चाक बदलण्याविषयी थोडे. कन्नड घाटात किंवा लळिंगच्या चढावर पंक्चर झाले तर तिथेच जॅक लावण्याचा हट्ट करू नये. टायर फाटला तरी चालेल, पण सपाट जागेपर्यंत गाडी हळूहळू न्यावी. टायर नवा मिळतो. बाटली जॅक उतारावर तिरका उभा राहतो आणि दांड्यावर बाजूचा भार आला की त्याचे काही खरे नाही. सुरत-नागपूर महामार्गाच्या कडेला तर आणखी एक भानगड आहे. जवळून भरधाव ट्रेलर गेला की हवेच्या झोतानेच जॅकवरची गाडी डुलते. पेट्रोल पंप किंवा ढाब्याच्या आवारापर्यंत जाणे केव्हाही चांगले.

बोरीकाठ, अमळनेर

सर्वांचे मनापासून आभार. पांझरा दादांच्या सांगण्याप्रमाणे दारांखालची पट्टी ठोकून पाहिली. डावी बाजू पूर्ण खणखणीत आहे, उजवीकडे मागच्या चाकाजवळ वीतभर भागात आवाज दबका आहे. त्यामुळे बाजूने उचलण्याचा विचार सोडला असून क्रॉस मेंबर आणि ॲक्सल याच जागा वापरणार आहे. ट्रॉली जॅक ठरवला आहे.

आता दोन गोष्टी कळत नाहीत. चारही चाके वर घ्यायची तर आधी पुढचे टोक उचलावे की मागचे? आणि घरचा बाटली जॅक वर चढतो पण तासाभरात बोटभर खाली येतो. तो सुधारता येईल का?

वाघूर, भुसावळ

आधी पुढचे. मागची चाके जमिनीवर आणि हॅण्डब्रेक ओढलेला, त्यांना पाचर, अशा स्थितीत इंजिनाकडचे जड टोक वर घ्यावे आणि घोड्यांवर ठेवावे. मग मागचे टोक उचलताना पुढची बाजू घोड्यांवर स्थिर असते, गडगडत जायला चाकच उरत नाही.

गोमाई, शहादा

काकांचा मान राखून सांगतो, आम्ही नेहमी मागचे आधी घेतो. मागचा ॲक्सल उचलायला हलका आणि घोड्या नळीखाली पक्क्या बसतात. पुढे जॅक लावताना मागून गाडी हलत नाही.

पांझरा, धुळे

दोन्ही क्रम चालतात आणि दोन्हींत एकच धोका आहे, तो सांभाळला की वाद उरत नाही. एक टोक घोड्यांवर उंच ठेवून दुसरे टोक उचलू लागलो की गाडी तिरकी होते, आणि आधीच्या घोड्यांच्या डोक्यावर ती किंचित फिरते, किंचित सरकते. पहिले टोक एकदम पूर्ण उंच ठेवले असेल तर हे सरकणे जास्त होते आणि घोडीचा एक पाय उचलला जाऊ शकतो. म्हणून पहिले टोक घोडीच्या सर्वांत खालच्या खाचेवर ठेवावे, दुसरे टोक तेवढेच उचलून ठेवावे, आणि मग गरज असेल तर दोन्हीकडे एकेक खाच वाढवत जावे. यात चार-पाच मिनिटे जास्त जातात. पुढे काका म्हणतात तसे आधी उचलले तर मला स्वतःला बरे वाटते, कारण आमच्या अंगणाला थोडा उतार आहे.

घोड्यांवर गाडी ठेवली की जॅकचा सगळा भार उतरवा, पण जॅक काढून घेऊ नका. त्याला हलका टेकवून तसाच राहू द्या. मग खाली शिरण्याआधी बॉनेटच्या कडेला आणि डिकीला हात लावून गाडी जोरात हलवा. पडायची असेल तर ती तुम्ही बाहेर असताना पडू द्या. चाकाचे नट-बोल्ट मात्र गाडी उचलण्यापूर्वीच अर्धा आटा सैल केलेले असावेत. वर गेलेल्या गाडीवर पान्ह्यावर पाय देऊन उभे राहणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

कामानुसार घोडीची जागा बदलते, हेही लक्षात असू द्या. ब्रेक आणि ऑइलच्या कामांना घोडी ॲक्सलच्या नळीखाली, पाट्याच्या बैठकीजवळ ठेवावी. पाटे दबलेलेच राहतात आणि गाडी घट्ट बसते. पाट्यांचे बुश काढायचे असतील तर बॉडी वेगळी धरावी लागते आणि ॲक्सलखाली जॅक ठेवून त्याला वर-खाली करावे लागते. तेव्हा ॲक्सल मोकळा लोंबकळून ब्रेकच्या रबरी नळीला ताण देत नाही ना, हे पाहावे. रबरी बुशचे बोल्ट शेवटी आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवल्यानंतर, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत जखडते आणि लवकर फाटते. पुढचा खालचा आर्म सोडण्याचे काम मात्र घरी काढू नका. त्यात दाबून बसवलेली कॉइल स्प्रिंग असते, आणि आर्मखाली जॅकचा आधार न देता बोल्ट काढला तर ती तोफेसारखी सुटते. ॲम्बेसेडरला तिथे स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार आहे, पण पिळलेल्या बारमध्येही तेवढाच जोर साठलेला असतो.

बाटली जॅक एका तासात बोटभर बसतो म्हणजे एक तर व्हॉल्व्हच्या गोळीखाली कचरा आहे किंवा सील झिजले आहे. ऑइल पूर्ण काढून धुवा, नवे हायड्रॉलिक ऑइल भरा, व्हॉल्व्ह उघडा ठेवून दांडा पाच-सात वेळा मारून हवा काढा. त्यात ब्रेक ऑइल चुकूनही घालू नका. जॅकच्या सीलचे रबर त्याला टिकत नाही, फुगून खराब होते. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात ऑइल पातळ होऊन झिजलेले सील जास्तच गळते, तेव्हा हिवाळ्यात ठीक वाटलेला जॅक मे महिन्यात तपासून घ्यावा. मेच्या दुपारी डांबरी रस्त्याचीही तीच गत, जॅकची बैठक त्यात रुतते.

तापीकिनारा, जळगाव

आमच्या शेतातल्या शेडमध्ये ट्रॅक्टरसाठी खड्डा आहे. त्यावर गाडी उभी केली की उचलण्याची कटकटच नाही. कोणाला हवा असेल तर निरोप द्यावा.

वाघूर, भुसावळ

खड्डा उत्तम, ऑइल बदलायला त्याहून झटपट काही नाही. दोन गोष्टी पाळा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचून राहते. म्हणून पेट्रोलच्या नळीचे, पंपाचे किंवा कार्बोरेटरचे काम खड्ड्यावर करू नये, आणि उजेडाला पिवळा बल्ब न लावता बॅटरीवरचा एलईडी दिवा वापरावा. आणि शेतातला खड्डा आहे, तेव्हा उतरण्याआधी काठीने कोपरे पाहून घ्या.

बोरीकाठ, अमळनेर

जॅक आला. अडीच टनी आहे, खाली असताना १४ सेंटिमीटर उंच. घोड्या घ्यायला धुळ्याला जाणार आहे. दुकानदार फोनवर दोन प्रकार सांगतो, दात्यांच्या आणि खिळीच्या. उंचीही दोन आहेत. कोणत्या घ्याव्यात?

पांझरा, धुळे

खिळीच्या घ्या. दात्यांच्या घोड्या झटपट लागतात हे खरे, पण खटका दात्यात पूर्ण बसला की अर्धवट टेकला, हे बाहेरून ओळखता येत नाही. दात्यांच्याच घ्यायच्या ठरल्या तर खटक्याशिवाय वेगळी सुरक्षा खिळी असलेल्या पाहा. खिळीच्या साध्या घोडीत खिळी आरपार गेलेली डोळ्यांना दिसते. खिळी मूळचीच वापरा, हरवली तर तिच्या जागी सळईचा तुकडा घालू नका.

उंचीचे असे आहे. पद्मिनीच्या मापाच्या टायरवर मागच्या ॲक्सलचा मध्य जमिनीपासून साधारण २८ सेंटिमीटरवर येतो आणि नळीची खालची बाजू त्याहून थोडी खाली. घोडीची सर्वांत कमी उंची २८-३० सेंटिमीटरच्या आत असेल तर गाडी थोडी उचलताच ती खाली सरकते. तीच घोडी ४० सेंटिमीटरपर्यंत वाढत असेल तर उताणे पडून काम करायला जागा पुरते. उंच घोडी घेतलीत तर तिच्यासाठी गाडी आधी विनाकारण जास्त उचलावी लागेल, आणि जॅकची कमाल उंची तिथेच संपेल. जाण्यापूर्वी फळी ठेवून, फळीच्या वरून ॲक्सलपर्यंत टेपने मोजून घ्या, कारण फळीचे दोन इंच हिशेबात धरायचे राहून जातात.